मागे न घेतलेलं विधेयक

जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तीन कलमांचं विधेयक लागू पडतं, यावर माझ्या बायकोच्या मामांइतकी श्रद्धा असलेला माणूस दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. डोकं दुखलं की लोकांना गोळी आठवते, मामांना कलम आठवतं. पाहुण्यांकडे वरण खारट लागलं तरी ते भुवया उंचावून क्षणभर विचारात पडत, आणि शेजारी बसलेल्या मामी हळूच म्हणत, "गुमान जेवा. ह्याच्यावर कायदा होत न्हाई." निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर असलेल्या एका गावचे हे मामा पाच वर्षं आमदार होते. दोन तगडे उमेदवार एकमेकांना पाडण्यात इतके गुंगून गेले की मधल्यामध्ये मामा निवडून आले, असं जाणकार सांगतात. मामांचा खुलासा वेगळा होता. "लोकायला वाटलं, ह्यो मानूस आपलं गाऱ्हानं लिव्हून तरी घेतो," ते म्हणत. आणि ते खरंच लिहून घेत. सभेत लिहून घेत, सांत्वनाला गेले की लिहून घेत, न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या गालाला साबण असताना लिहून घेत. सदऱ्याच्या खिशात तीन पेनं आणि जुन्या लग्नपत्रिकांची चवड असे. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते आणि आमदाराला पत्रिकांची ददात नसते, असं त्यांचं गणित होतं.

आमदार झाल्यावर माणसं रस्ते आणतात, सभामंडप आणतात, निदान एखादी जलवाहिनी तरी मंजूर करून आणतात. मामांनी पहिलं काय केलं असेल, तर विधानसभेच्या नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. ते पूर्ण वाचलेला मराठवाड्यातला तो एकमेव माणूस असावा असा माझा अंदाज आहे. त्यात त्यांना असं आढळलं की मंत्री नसलेल्या साध्या सदस्यालाही कायद्याचा मसुदा मांडता येतो, त्याला अशासकीय विधेयक म्हणतात, आणि त्यासाठी अधिवेशनात शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते. शुक्रवारी दुपारी बहुतेक सदस्यांच्या गाड्या आपापल्या गावाकडे वळलेल्या असतात, हे मात्र त्या पुस्तकात नव्हतं.

मी लातूरला एका शाळेत मराठी शिकवतो. एवढ्या भांडवलावर मामांनी मला त्यांचं विधी खातं करून टाकलं. रविवारी सकाळी फाटक वाजायचं आणि पाठोपाठ आवाज यायचा, "जावईबापू, फुरसत हाय का?" हा प्रश्न नसे, कारण तोवर मामांच्या चपला दारात निघालेल्या असत. मग पत्रिका एकेक करून टेबलावर पसरायच्या, बायकोनं चहा आणायचा, मामांनी तो बशीत ओतून थंड करायला ठेवायचा आणि विसरून जायचा. प्रत्येक विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' म्हणून एक मजकूर द्यावा लागतो. तो मामांचा जीव की प्राण. बाकीची कलमं ते बसून सांगत, उद्देश व कारणे उभं राहून सांगत. "लिव्हा. ज्या अर्थी ह्या राज्यातल्या मान्साला लाज शरम ऱ्हायलेली न्हाई..." मी म्हणायचो, "मामा, हे असं चालणार नाही." "मग कसं चालंल?" "सार्वजनिक वर्तनाचा स्तर खालावला असल्याचे निदर्शनास आले आहे." मामा म्हणायचे, "म्हंजे तेच की. फकस्त धुऊन इस्त्री केल्यालं." पुढे खर्चाचा रकाना यायचा. तिथे त्यांचं वाक्य ठरलेलं, "शासनावर काही बोजा पडणार नाही, उलट लोकांच्या डोक्यावरचा उतरेल." दुसरा भाग मी दर वेळी खोडायचो आणि मुंबईला पोचेपर्यंत तो दर वेळी पेनानं पुन्हा लिहिलेला असायचा.

त्यांची विधेयकं कुठून उगवतील याचा नेम नसे. भोकरला एका कार्यक्रमात त्यांना तीन तास व्यासपीठावर बसवून ठेवलं आणि तेवढ्या वेळात अकरा शाली पांघरल्या. दिवस वैशाखातले. परतीच्या वाटेवर जीपमध्येच त्यांनी मसुदा केला, की एका व्यक्तीचा एका दिवसात एकापेक्षा जास्त वेळा सत्कार करता येणार नाही, आणि तो करणाऱ्यानं आधी सत्कारमूर्तीच्या जागी बसून दाखवावं. वाढदिवसाच्या फलकांवर त्यांनी दुसरं विधेयक आणलं. फलकावर ज्याचा वाढदिवस त्याचंच तोंड असावं, खाली शुभेच्छुकांची तीस तोंडं छापायची असतील तर प्रत्येकाला त्याच्या आईनं लांबून ओळखलं पाहिजे. या विधेयकानं मामांचे जेवढे कार्यकर्ते दुरावले तेवढे विरोधकांनाही कधी फोडता आले नव्हते.

लग्नाच्या विधेयकाचा विषय तर आमच्याकडे अजून निघतो. आमच्या भागात पत्रिकेवर बारा पस्तीसचा मुहूर्त असतो, नवरदेव वाजंत्रीपुढे नाचणाऱ्या मित्रांच्या तावडीतून अडीचला सुटतो, मग पुढारी आशीर्वादाची भाषणं करतात, आणि हातातल्या अक्षता घामानं भिजून भाताच्या लायकीच्या झाल्या की लग्न लागतं. मामांचं म्हणणं, छापलेल्या वेळेला लग्न लागलं नाही तर पाहुण्यांना आधी जेवण्याचा कायदेशीर हक्क असावा. गंमत अशी की उद्देश व कारणे यांत त्यांनी उदाहरण म्हणून स्वतःचंच नाव घातलं होतं. गेल्या महिन्यात स्थानिक आमदारांसाठी एक लग्न दोन तास थांबवण्यात आलं, आमदार वाटेत चहाला उतरले होते, असं सगळं साद्यंत. मी म्हटलं, "मामा, हे विधानसभेत छापून निघेल." ते म्हणाले, "निगू द्या. खरं हाय ते." त्यांच्यावर रागवावं असं मनात आलं की हे असलं काहीतरी आडवं यायचं.

सगळीच विधेयकं अशी गमतीची नव्हती. किल्लारीच्या बाजूला भूकंपानंतर जी नवी गावं वसली, तिथल्या गल्ल्यांना जुन्या गावातल्या गल्ल्यांची नावं द्यावीत, असंही त्यांचं एक विधेयक होतं. तिथल्या एका म्हातारीला त्यांनी पत्ता विचारला होता, आणि तिनं त्यांना जमिनीत गेलेल्या गावातली गल्ली सांगितली होती. हे सांगताना त्यांचा चहा खरोखरच थंड झाला. ते निवेदन मी खोडाखोड न करता तसंच ठेवलं.

आता या सगळ्या विधेयकांचं काय झालं? मागे घेतली गेली. एकूण एक. त्याची एक रीत आहे. सदस्यानं बोलायचं, मंत्र्यांनी कौतुक करायचं, शासन याबाबत सकारात्मक आहे असं सांगायचं आणि विधेयक मागे घ्यावं अशी विनंती करायची. मग सदस्यानं उठून सभागृहाच्या अनुमतीनं ते मागे घ्यायचं. सगळेच असं करतात, पण मामा जरा जास्तच मनापासून करत. कोणी गोड बोललं की या माणसाला नाही म्हणता येत नसे. दारात आलेल्या विक्रेत्याकडून त्यांनी तीन वेळा एकच टॉर्च घेतली आहे. मंत्र्यांनी 'सन्माननीय सदस्यांची तळमळ' एवढे शब्द उच्चारले की मामा उठून उभे. परत आल्यावर मी विचारायचो, "काय झालं?" ते खुशीत म्हणायचे, "मंत्र्यानं शबूद देला, जावईबापू." तो शब्द पुढे कुठे गेला, हे विचारायचं माझ्या जिवावर यायचं.

मामांची थोरली बहीण म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. सासरे वारले आणि शेताला अक्कांच्या नावाची वारस म्हणून नोंद करायची होती. कागद सगळे होते. कचेरीचं नाव सांगत नाही, पण अक्का तिथे सात वेळा जाऊन आल्या. सकाळची एसटी धरायची, बाकड्यावर बसायचं, दुपारी कोणीतरी म्हणायचं, साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या. उद्या गेलं की परवा. हे त्या एका रविवारी आमच्या घरी जेवताना सहज बोलून गेल्या. मामांचा घास हातातच राहिला. त्यांनी डाव्या हातानं फोन काढला, तर अक्कांनी त्यावर तळहात ठेवला.

"ठिव खाली."

"आगं, एका फोनचं काम हाय."

"म्हाईत हाय मला. तुज्या फोननं माजं काम हुईल. त्या बाकड्यावर माज्या बाजूला देवणीकडली एक बाई बसती. माज्याच कामासाठी येती. तिला भाऊ न्हाई. तिनं कुनाला फोन लावायचा?"

मामांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "मग कायदाच करावा लागंल."

"कर की. पर मागं घेऊ नको. तुजे समदे कायदे तू मागंच घेतलास म्हनं." अक्का हे वाईट हेतूनं बोलल्या नाहीत, वाढता वाढता बोलल्या. पण मामांचा चेहरा उतरला. त्यांनी ताटातल्या भाकरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो घेनार न्हाई. भाकरीची आन." जेवण उरकायच्या आधीच ते पत्रिका शोधायला उठले.

त्या विधेयकाचं नाव मी 'नागरिकांस पुन्हा येण्यास सांगण्याचे विनियमन' असं भारदस्त ठेवलं, पण घरात त्याला सगळे 'उद्या या' म्हणत. कलमं तीनच. कचेरीत कोणाला पुन्हा या म्हणायचं असेल तर ते चिठ्ठीवर लिहून द्यावं. चिठ्ठीवर तारीख, वेळ, कारण आणि सही असावी. आणि त्या तारखेलाही काम झालं नाही, तर अधिकाऱ्यानं स्वतः एसटीनं त्या माणसाच्या घरी जावं. तिसऱ्या कलमावरून आमचं वाजलं. मी म्हटलं, सभागृह हसेल. मामा म्हणाले, "हसू द्या. हसताना मान्साच्या तोंडून 'न्हाई' निगत न्हाई." कलम राहिलं.

कुठलं विधेयक चर्चेला घ्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. 'उद्या या'ची चिठ्ठी निघाली ती मामांच्या आमदारकीच्या शेवटच्या वर्षी, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात. निवडणूक तोंडावर होती. आदल्या दिवशी पक्षातल्या एका वडीलधाऱ्यांनी मामांना बोलावून नीट समजावलं. मंत्री आपलेच आहेत, त्यांना अडचणीत आणू नका, नेहमीसारखं मागे घ्या, तिकिटाचं आम्ही बघतो. यात धमकी नव्हती, गोड बोलणं होतं, आणि त्यामुळेच माझा जीव टांगणीला लागला. मामांना धमकीची भीती नव्हती.

अक्कांना मी नागपूरला घेऊन गेलो होतो. लातूरहून नांदेडपर्यंत बस आणि पुढे रेल्वे, मांडीवर धपाट्यांचं गाठोडं, लुगड्यावर माझ्या मुलाचा निळा स्वेटर. विधानभवनाच्या दारात सुरक्षारक्षकानं त्यांची पानाची चंची काढून घेतली. अक्का तिथेच थांबल्या. "ह्याची चिठ्ठी?" त्यानं एक पितळी बिल्ला दिला. तो उलटसुलट बघून त्या मला म्हणाल्या, "बगा जावई, हितं देतेत की." प्रेक्षक गॅलरीत बसवताना त्यानं आम्हाला दम दिला, कठड्यावर हात ठेवायचा नाही, टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही. अक्कांनी तोंडावर पदर धरला आणि मान हलवली.

खाली सभागृहात रिकामी बाकंच जास्त होती. मामा उठले. त्यांनी अक्कांचं नाव घेतलं नाही, माझी भारदस्त भाषा मात्र सगळी घेतली, आणि तिसऱ्या कलमाला लोक हसले. मग मंत्री उठले. काय गोड बोलले ते! सन्माननीय सदस्यांची तळमळ झाली, शासनाची सहमती झाली, सर्वंकष धोरण झालं. शेवटी म्हणाले, "सदस्यांनी माझ्या दालनात यावं, आपण बसून मार्ग काढू. त्यांनी विधेयक मागे घ्यावं, अशी माझी विनंती आहे."

मामा सवयीनं उठले. दोन्ही हातांत कागद धरून ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदय मला 'या' म्हणाले. कधी यावं ते म्हणाले नाहीत. त्यांनी तारीख आणि वेळ लिहून द्यावी." सभागृह खदखदून हसलं. मंत्रीही मनापासून हसले. लिहून मात्र कोणी काही दिलं नाही.

"सन्माननीय सदस्य विधेयक मागे घेत आहेत काय?" अध्यक्षांनी विचारलं.

समोरच्या बाकावरून ते वडीलधारे मामांकडे बघत होते. रागानं नव्हे, समजुतीनं मान हलवत. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, मंत्र्यांकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. त्या माणसाला नाही म्हणायचं किती अवघड जातं हे त्या सभागृहात मला आणि अक्कांनाच ठाऊक होतं. मग मी शिकवलेलं सगळं मराठी विसरून ते म्हणाले, "न्हाई, अध्यक्ष महोदय. ह्ये न्हाई घेत."

विधेयक मताला टाकण्यात आलं. "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे." मामा एकटेच म्हणाले, "होय." आवाज त्या एवढ्या मोठ्या दालनात फार लहान वाटला. आणि माझ्या शेजारी, पदर तोंडावरून खाली घेऊन, शेतात हाक मारावी तशा आवाजात अक्का म्हणाल्या, "हाव!"

त्यांना खरोखरच वाटलं की सगळ्यांना विचारतायत. दोन रक्षक धावत आले आणि आम्हाला बाहेर घेऊन गेले. दारातून जाताना मागून 'नाही'चा आवाज ऐकू आला. तो मोठा होता.

बाहेर बाकावर अक्का रक्षकाला धपाटं खायचा आग्रह करत असताना मामा आले. "अक्का, पडलं गं."

"पडू दे. मागं तर न्हाई घेतलास." मग त्यांनी विचारलं, "म्या हाव म्हनले, ते मांडलं का त्येनी?"

"न्हाई. गॅलरीतलं धरत न्हाईत."

"धरत न्हाईत तर विचारतेत कामून?" याचं उत्तर नियमांच्या पुस्तकातही नसावं.

तिकीट अर्थातच मिळालं नाही. मामांनी मुंबईची खोली रिकामी केली आणि नियमांचं पुस्तक माझ्या शाळेच्या ग्रंथालयाला दिलं. पुढे अक्काही गेल्या. हल्ली मामा रविवारी येतात, चहा गरम असताना पितात, आणि मला ते बघवत नाही. मीच कधीतरी विचारतो, "काही लिहायचंय का मामा?" ते हसून नकाराची मान हलवतात. का ते मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी सोबत होतो.

मामांचं तिकीट गेल्यानंतरची, अक्का होत्या तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी होती. अक्कांचं काम तसंच पडून होतं, म्हणून मामा, मी आणि अक्का सकाळच्या एसटीनं त्या कचेरीत गेलो. कोणी मामांना ओळखलं नाही. आम्ही बाकड्यावर बसलो. देवणीकडची बाईही होती, तिनं अक्कांसाठी जागा केली. दुपारी खिडकीतल्या नव्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "साहेब मीटिंगला गेलेत. उद्या या."

मामा उठले. खिडकीशी जाऊन, विधानसभेत उभे राहायचे तसेच सरळ उभे राहून म्हणाले, "ताई, तेवढं लिव्हून द्याल का? कायदा न्हाई तसा. म्या करून बगितला, झाला न्हाई. आपली इनंती म्हनून."

बाईंनी वर पाहिलं. मामांकडे, मग बाकड्यावरच्या अक्कांकडे. काय वाटलं त्यांना कोण जाणे. त्यांनी एक कागद ओढला, आतल्या कोणालातरी साहेबांची वेळ विचारली आणि लिहिलं, 'साहेब बैठकीस गेले आहेत. वारस नोंदीसाठी गुरुवार, दिनांक १६ रोजी अकरा वाजता यावे.' खाली सही केली. मामा चिठ्ठी घेऊन वळतात न वळतात तोच देवणीकडच्या बाईनं खिडकीत हात घातला, "मला बी द्या वं." आणि बाईंनी दुसरा कागद घेतला.

मामांनी बाकड्यापाशी येऊन अक्कांना चिठ्ठी वाचून दाखवली. तारीख, वेळ, कारण, सही. सही त्यांनी दोनदा वाचली.

अक्कांनी एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा खिडकीपाशी उभ्या असलेल्या देवणीकडच्या बाईकडे पाहिलं आणि पायानं चपला चाचपत म्हणाल्या, "मग झाला की रं मंजूर. चल, बस निगून जाईल."